बोर्ड भंगारात घालण्याआधी एकदा मीटर लावून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या भागात ई-कचरा गोळा करण्याची मोहीम झाली, तिची बातमी आपल्या दैनिकात फोटोसह वाचली. त्या दिवशी मीही जळालेला मिक्सर द्यायला तिथं गेले होते. टेबलाखालच्या पोत्यात टीव्हीचे, कॉम्प्युटरचे बोर्ड कोंबलेले होते आणि त्यातून एका बोर्डाची कड बाहेर आली होती. त्या कडेवर पट्ट्यांची रांग होती, वरच्या अंगाला अठ्ठावीस आणि खालच्या अंगाला अठ्ठावीस. ती कड मी अंधारातसुद्धा नुसत्या बोटांनी ओळखीन. पार्लरमधल्या व्हिडिओ गेमचा बोर्ड होता तो. तिथल्या मुलांना विचारून मी तो घरी आणला. पुढं जे झालं त्यावरूनच हे पत्र लिहिते आहे.

लग्नाआधी मी पिंपरीच्या एका कारखान्यात टीव्हीचे बोर्ड जोडायचं काम करायचे. लग्न होऊन मिरजेला आले तेव्हा यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक ते बघायचे, डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, बारीक काम माझ्याकडं. नव्वदच्या दशकात गावोगाव व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली. सुताराकडून प्लायवूडचा खोका करून घ्यायचा, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवायची, खाली परदेशातून आलेला बोर्ड लावायचा आणि रुपया टाकला की गेम सुरू. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेनं 'जामा' नावाचा छप्पन पट्ट्यांचा जोड ठरवून दिला होता. कुठल्या पट्टीवर पाच व्होल्ट, कुठल्या पट्टीवर चित्राचा लाल-हिरवा-निळा, कुठल्या पट्टीवर दांडी आणि बटणं, हे त्यात पक्कं होतं. त्यामुळं खोका तोच ठेवून गेम बदलता यायचा, आणि बंद पडलेला बोर्ड सुटा काढून पिशवीतून आमच्या दुकानात यायचा. 'मुस्तफा' म्हणून पोरं ज्याला ओळखायची, तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा डायनासोरांचा गेम. तो दुरुस्तीला आला की शाळा सुटल्यावर पायरीवर चार-पाच मुलं येऊन उभी राहायची. "काकू, मुस्तफा झाला का?"

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. बोर्ड कुठून आला, काय दिसत होतं, काय सापडलं, तारखेनिशी. त्या वहीत वारंवार एकच गोष्ट येते. मालकानं "मेला" म्हणून आणून दिलेला बोर्ड क्वचितच मेलेला असायचा. कधी पट्ट्या काळ्या पडलेल्या असायच्या, तिथं पेन्सिलीचं साधं खोडरबर पुरायचं. कधी सप्लाय बरोबर पाच व्होल्ट देत असायचा, पण बारीक, जुन्या वायरीतून बोर्डापर्यंत पोचताना साडेचारच उरायचे आणि गेम सारखा पहिल्यापासून सुरू व्हायचा. म्हणून व्होल्टेज सप्लायवर मोजू नये, बोर्डावरच्या आयसीच्या, म्हणजे चिपेच्या, पायावर मोजावं. यांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

या बोर्डांत एक राखणदार सर्किट असतं. प्रोसेसरनं ठरावीक वेळात "मी जागा आहे" असा इशारा दिला नाही, तर ते त्याला धक्का देऊन नव्यानं सुरू करतं. बिघाड खोल असेल तर हा धक्का पुन्हा पुन्हा बसत राहतो, स्पीकरमधून टक्, टक् असा आवाज येतो आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो. मालक घाबरायचे, मला मात्र तो आवाज ऐकून धीर यायचा, कारण सप्लाय आणि राखणदार जिवंत आहेत एवढं तर कळायचं. जुन्या गेममध्ये झेड-८० प्रोसेसर असला की मी आधी त्याच्या सहाव्या पायावर प्रोसेसरला चालवणारे घड्याळाचे ठोके येतात का ते लॉजिक प्रोबनं, म्हणजे पायावरचा इशारा चालू की बंद ते दाखवणाऱ्या पेनासारख्या साधनानं, बघायचे आणि मग सव्वीसावा पाय, कारण तो रिसेटचा, म्हणजे नव्यानं सुरू करण्याच्या धक्क्याचा. तो सारखा खालीवर होत असेल तर प्रोग्रॅमची चिप किंवा रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणारी चिप, यांच्याकडं वळायचं. एखाद्या रॅमवर संशय असला की तशीच चांगली रॅम तिच्या पाठीवर पाय जुळवून नुसती दाबून धरायची. चित्र सुधारलं तर चोर सापडला. दर वेळी हे चालत नाही, पण चाललं तर चिप उगाच उपसायला लागत नाही.

आता पोत्यातल्या त्या बोर्डाविषयी. तो एसएनके कंपनीच्या निओ जिओ जातीचा निघाला. ही जात १९९० ची, गेमची कॅसेट बदलता येणारी. बहुतेक निओ जिओ बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. मशीन बंद असताना सेटिंग आणि किती नाणी पडली याचा हिशोब त्या बॅटरीवर टिकतो. वर्षानुवर्षं बोर्ड पडून राहिला की ही बॅटरी गळते आणि गळलेलं पाणी क्षाराचं असल्यामुळं आजूबाजूचं तांबं खात जातं. इथंही बॅटरीभोवती हिरवी-निळी बुरशी चढावी तसं झालं होतं. बॅटरी कापून काढली. कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावला, फेस आला, जुन्या टूथब्रशनं घासलं, पाण्यानं धुतलं आणि बोर्ड दोन दिवस गच्चीवर उभा करून वाळवला.

मग सप्लाय जोडला, पाच व्होल्ट आयसीच्या पायावर बघितले आणि पडदा चालू केला. कॅसेट नसली तरी हा बोर्ड सुरू होताना स्वतःची तपासणी करतो. पडद्यावर बॅकअप रॅमची, म्हणजे त्या बॅटरीवर हिशोब टिकवणाऱ्या रॅमची, चूक आली आणि शेजारी दोन आकडे. लिहिलं ५५५५, वाचलं ५५५७.

या दोन आकड्यांकडं मी बराच वेळ बघत बसले, कारण सगळं उत्तर त्यांच्यात होतं. ५ हा आकडा बोर्डाच्या भाषेत ०१०१, म्हणजे एक तार बंद, एक चालू, अशी आळीपाळी. शेजारच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील तर लगेच कळावं म्हणून तपासणीला असा आकडा घेतात. आणि ७ म्हणजे ०१११. चार आकड्यांच्या मिळून सोळा तारांपैकी उजवीकडून दुसरी एकटीच चुकत होती. ही रॅम दोन चिपांत वाटलेली असते, प्रत्येकीत आठ तारा. अख्खी चिप गेली असती तर त्या बाजूच्या आठांचा गोंधळ दिसला असता. एकच तार चुकते म्हणजे चिप बहुधा चांगली आहे आणि तिच्यापर्यंत जाणारा रस्ता तुटला आहे. मीटर बीपवर लावून, म्हणजे जोड सलग असेल तर तो वाजेल असा ठेवून, त्या पायापासून ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, धरून निघाले. बॅटरी जिथं होती तिच्या अगदी कडेला, वरचा थर खालच्या थराला जोडणारं सुईच्या टोकाएवढं भोक आहे, तिथं बीप थांबली. भिंगाखाली ते भोक काळं दिसत होतं, आतलं तांबं क्षारानं पार खाल्लेलं. केसासारखी बारीक इन्सुलेटेड वायर घेऊन दोन टोकांना दोन डाग दिले. लांबी असेल तीन सेंटिमीटर.

परत चालू केला. आकडे आले नाहीत. पडदाभर सरळ रेषांची जाळी उमटली, कॅसेट घालायच्या आधी येते ती. खर्च म्हणाल तर अर्धी वाटी व्हिनेगर आणि बोटभर वायर.

हा बोर्ड किलोच्या भावानं जाणार होता. असे बोर्ड शेवटी उघड्यावर ॲसिडमध्ये बुडवून त्यातलं सोनं काढणाऱ्यांच्या हाती पडतात. त्या धुरात लहान मुलं काम करताना मी स्वतः पाहिली आहेत. केंद्राचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, ते व्हायलाच हवे होते आणि मोहीम घेणाऱ्या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे. माझं मागणं एवढंच की पोतं बांधण्याआधी दुरुस्ती जाणणाऱ्या एका माणसाला ते चाळू द्यावं.

"आता याचा उपयोग काय, गेम तर मोबाइलवरही आहेत," असं मला माझ्याच घरात विचारतात. मोबाइलवर ते गेम दिसतात, कारण कुणीतरी मूळ बोर्डावरच्या चिपा वाचून ठेवल्या. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा 'मेम' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून जगभरची माणसं हे करत आली आहेत. त्या नोंदींचा उपयोग उलट दिशेनंही होतो. काचेची खिडकी असलेल्या जुन्या ईप्रॉम चिपेतली, म्हणजे गेमचा प्रोग्रॅम भरलेल्या चिपेतली, माहिती काळानं विटते. तेव्हा ती वाचून नोंदीशी ताडून बघायची, फरक आला तर अतिनील दिव्याखाली पुसून पुन्हा भरायची. कॅपकॉमच्या १९९३ च्या दुसऱ्या पिढीच्या बोर्डांत सांकेतिक भाषेत लपवलेला गेम उलगडण्याची किल्लीच बॅटरीवरच्या रॅममध्ये ठेवली होती. बॅटरी संपली की गेम कायमचा बंद, असंच आम्ही दुरुस्तीवाले मानत आलो. २०१६ मध्ये काही हौशी अभ्यासकांनी ती किल्ली परत कशी भरायची हे शोधून काढलं, आणि आज आर्डुइनो या हवा तसा प्रोग्रॅम भरता येणाऱ्या लहानशा बोर्डानं ते काम होतं. जे बोर्ड "मेले" म्हणून माळ्यावर पडून राहिले तेच पुन्हा उठले, आणि ज्यांनी आधीच भंगारात घातले त्यांच्याकडं उठवायला काही उरलं नाही.

आमच्याकडच्या आयटीआयमधली मुलं मला भेटतात. बोर्ड बदलायचा कसा ते त्यांना येतं, पण बोर्डावरचा एक ट्रॅक धरून शेवटपर्यंत जायला त्यांना कुणी बसवलेलं नाही. या जुन्या गेम बोर्डांइतकं शिकायला सोपं दुसरं काही मला माहीत नाही. आयसी मोठे, पाय डोळ्यांना दिसणारे, आणि चूक काय ते बोर्ड स्वतः पडद्यावर लिहून देतो. पुढच्या मोहिमेतले असे बोर्ड आयटीआयच्या कार्यशाळेत द्यावेत. मी आठवड्यातले दोन दिवस, कुठलंही मानधन न घेता, माझी वही घेऊन यायला तयार आहे.

घरात असा बोर्ड असणाऱ्यांना एवढंच सांगते. खोका स्वतः उघडू नका, पिक्चर ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो राहतो. तो जाणकाराकडून उघडून घ्या. बोर्ड सुटा असेल आणि त्यावर गोल किंवा नळीसारखी बॅटरी दिसली तर फोटो काढून दुरुस्तीवाल्याला दाखवा. ती गळणारी आहे की किल्ली सांभाळणारी, हे कळल्याशिवाय कापू नका. पण दाखवायला पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.

आपली,
एक दुरुस्ती कारागीर, मिरज