बारा गोल ब्योकेलबर्गवर झालेच नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाख या जर्मन क्लबचं जुनं मैदान म्हणजे ब्योकेलबर्ग. डॉर्टमुंडवरचा १२-० हा विक्रमी विजय अनेकदा या मैदानाच्या खात्यावर टाकला जातो. तो तिथला नाही. ब्योकेलबर्गवर बांधकाम सुरू असल्यामुळे २९ एप्रिल १९७८ चा तो सामना ड्युसेलडॉर्फच्या ऱ्हाइनस्टेडियमवर झाला. (बारा गोल करूनही जर्मन लीगचं विजेतेपद हुकलंच. गुण सारखे, पण गोलफरकात कोलोन तीनने पुढे!) ब्योकेलबर्गचा स्वतःचा मोठा विजय ७ जानेवारी १९६७ चा, शाल्केवर ११-०.

मोठे सामने ड्युसेलडॉर्फला जाण्याचं कारण नेहमीच बांधकाम नव्हतं. आयकेन भागातल्या खडीच्या जुन्या खाणीत १९१९ साली हे मैदान सुरू झालं. खाणीच्या उतारांवरच प्रेक्षकांसाठी पायऱ्या केल्या होत्या. शेवटच्या काळात क्षमता साधारण ३४,५०० होती आणि त्यात बसायच्या जागा नऊ हजारांच्याही आत. भोवती घरांची वस्ती, त्यामुळे वाढवायला वावच नव्हता. म्हणून १९७५ आणि १९७९ साली यूएफा कप या युरोपीय क्लब स्पर्धेच्या दोन सामन्यांच्या अंतिम फेरीतले घरचे सामने ड्युसेलडॉर्फला खेळावे लागले. दोन्ही वेळा कप जिंकला, पण ब्योकेलबर्गवर तो उंचावला गेला १९७३ मध्ये, आणि तोही लिव्हरपूलने. ग्लाडबाखने तो सामना २-० जिंकला, तरी इंग्लंडमधल्या पहिल्या सामन्यात खाल्लेले तीन गोल भारी पडले.

३ एप्रिल १९७१ ची ब्रेमेनविरुद्धची घटना तर नियमांच्या अभ्यासकाने वाचावीच. बरोबरी १-१, ८८ वं मिनिट. हर्बर्ट लाउमेन चेंडूसाठी झेपावला तो थेट जाळ्यात पडला, जाळं ताणलं गेलं आणि लाकडी खांब मोडला. जमिनीत रोवलेलं लाकूड मातीच्या पातळीवर ओल धरतं आणि तिथेच आधी कुजतं. वरून रंग चांगला दिसला तरी खांबाचा भरवसा राहत नाही. तो पुन्हा उभा राहीना, बदली गोलपोस्ट नव्हता, पंचांनी सामना थांबवला. निकाल ब्रेमेनला २-० असा देण्यात आला, कारण मैदान खेळण्याजोगं ठेवणं यजमानांचं काम. त्यानंतर लाकडाची जागा ॲल्युमिनियमने घेतली. विजेतेपद मात्र त्या मोसमातही ग्लाडबाखनेच राखलं.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंटर मिलानला ७-१ असं लोळवलं, तेही कागदावर उरलं नाही. प्रेक्षकांतून आलेला पेयाचा डबा इंटरचा खेळाडू बोनिन्सेन्याला लागला आणि यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने सामनाच रद्द केला. मिलानमध्ये ग्लाडबाखचा २-४ असा पराभव झाला, बर्लिनमधला फेरसामना ०-० सुटला आणि इंटर पुढे गेला. इतका सुंदर खेळ एका डब्यापायी वाया गेला, याची हळहळ आजही वाटते.

२२ मे २००४ रोजी १८६० म्युनिक या क्लबविरुद्ध ब्योकेलबर्गवरचा शेवटचा सामना झाला, तो ग्लाडबाखने ३-१ असा जिंकला. नंतर स्टेडियम पाडून तिथे घरं बांधली, पण जुन्या प्रेक्षक-उतारांचा आकार राखला आहे, त्यामुळे मैदान नेमकं कुठे होतं ते अजूनही ओळखता येतं.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक