आरमार जाळायला इंग्रजांना बोलावलं कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इंग्रज आरमाराच्या अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसनवरचा लेख वाचून संताप आला. न्यूफाउंडलंडच्या गव्हर्नरपदापासून 1757 मध्ये कलकत्त्यात झालेल्या मृत्यूपर्यंत सगळी कारकीर्द आली, विजयदुर्ग मात्र 'चाच्यांचा बंदोबस्त केला' एवढ्यावर उरकला. मी गिर्ये गावचा. आंग्र्यांची गोदी आमच्या खाडीकाठी आजही दिसते, म्हणून लिहितो.

वॉटसन आपणहून चालून आला नव्हता. विजयदुर्ग ज्यांच्या ताब्यात होता त्या मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांना मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह केला. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले असताना वॉटसनने तोफा डागल्या, कारण किल्ला पेशव्यांच्या हाती पडू द्यायचा नव्हता. 12 तारखेला एक गोळा आंग्र्यांच्या जहाजावर फुटला, आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली आणि नांगरलेलं आरमार जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर इंग्रजी निशाण! दहा लाखांच्या आसपासची लूट त्यांनी आपसात वाटली, मराठ्यांना छदाम दिला नाही. किल्ला परत केला तोही बाणकोट पदरात पाडून घेऊन. तुळाजी पेशव्यांच्याच कैदेत गेले.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो होतो. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत वॉटसनचं स्मारक आहे. अंगावर रोमन झगा, हातात झावळी, बाजूला साखळदंडातला कैदी, आणि घेरिया, म्हणजे आमचा विजयदुर्ग, घेतल्याची तारीख कोरलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, आपलं आरमार आपल्याच लोकांनी जाळू दिलं?" मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या लेखकाला हा प्रश्न पडलासुद्धा नाही, याचं वाईट वाटतं.

वॉटसनला शिव्या घाला असं माझं म्हणणं नाही. प्लासीच्या कटात सामील असलेल्या अमीचंद या व्यापाऱ्याला फसवण्यासाठी कंपनीचा सेनानी क्लाइव्हने केलेल्या खोट्या करारावर सही करायला त्याने नकार दिला. शेवटी त्याच्या नावाची सही दुसऱ्याकडून करवून घेतली गेली. या माणसाबद्दल आवर्जून सांगावी अशी ही गोष्ट, तीही गाळली!

आणि 'विजयदुर्ग' म्हणून छापलेला फोटो सिंधुदुर्गाचा आहे. विजयदुर्गाला जमिनीवरून चालत जाता येतं, तिथे होडी लागत नाही. दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावी.

आपला,
एक वाचक, गिर्ये (ता. देवगड)