ओंकारचं कार्ड आणि नानांची गोष्ट

म्युनिक,
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय बाळ्या,

पत्र बघून वहिनींना म्हणशील, "सुन्याला काहीतरी हवंय." हवंयच. पण आधी रीत पाळतो. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, वैशालीची मान थंडीत धरते. झालं.

ओंकार आमच्याकडे राहायला आलाय हे ताईने गावभर केलंच असेल. शिक्षण संपलं, आता वरच्या खोलीत बसून एका अमेरिकन कंपनीचं काम करतो. इथलाच रहिवासी, इथलाच करदाता. पण बिलाचे पैसे त्याला बँकेत येत नाहीत. फोनमधल्या पाकिटात यूएसडीसी नावाची डिजिटल नाणी येतात, एक नाणं म्हणजे एक डॉलर. त्या पाकिटाला जोडलेलं एक कार्ड आहे, दिसायला तुझ्यामाझ्या डेबिट कार्डासारखंच. दुकानात टेकवलं की तेवढी नाणी त्याच क्षणी विकली जातात आणि दुकानदाराला युरो मिळतात. गल्ल्यावरच्या बाईला याचा पत्ताही नसतो. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला मात्र रोखच घेतो, तेव्हा हे भविष्यातलं गिऱ्हाईक माझ्याकडे सुटे मागायला येतं.

"मामा, बँक हवीच कशाला?" असं तो मला विचारतो. अण्णांच्या मुलाला!

गेल्या आठवड्यात सकाळी पोहे खाताना त्याला मेल आला. कार्ड काढून देणाऱ्या कंपनीने ॲपवाल्यांशी असलेला करार संपवला. महिनाअखेरीस जुनी कार्डं बंद, नवी दुसरीकडून येतील. आणि खाली एक ओळ : "तुमचे पैसे सुरक्षित आहेत." त्याने मोठ्याने वाचली आणि लिंबू पिळून घेतलं. माझा घास घशातच राहिला.

ते वाक्य मी पहिल्यांदा कुठे ऐकलं हे तुला सांगायला नको. पतपेढी बुडाली तेव्हाची तुमची पायरी, नानांच्या काखेत पिग्मीची बॅग, अंगणात निम्मी पेठ. "पैसे सुरक्षित आहेत, चार दिवस कळ काढा." आणि सगळ्यांत पुढे आमचे अण्णा, आवाज चढवून. त्यावरून आपलं जे झालं ते झालं. पण त्या वर्षी तू मला गणपतीला बोलावलं नाहीस हे मी अजून विसरलेलो नाही. ओरडले ते अण्णा, मोदक बुडाले माझे. यावर तुझं उत्तर मला पाठ आहे, ते लिहू नकोस.

आता ओंकारची बाजू. पोरगं मूर्ख नाही, आणि काही बाबतीत त्याचंच खरं आहे. कार्डवाली कंपनी बुडाली तरी नाणी त्याच्या पाकिटात, किल्ली त्याच्याकडे. (किल्ली म्हणजे १२ शब्दांचा एक कागद. तो त्याने वैशालीच्या पाककृतींच्या वहीत ठेवलाय, अनारशांच्या पानावर. आमच्या घरात ते पान कोणी उघडत नाही.) शिवाय युरोपात ३० जून २०२४ पासून असल्या नाण्यांना मिका नावाचा कायदा लागू आहे. काढणाऱ्याला परवाना हवा, मागाल तेव्हा दर्शनी किमतीला पैसे परत, जमा रकमेपैकी किमान ३० टक्के बँकांत वेगळे ठेवलेले, आणि व्याज द्यायला चक्क बंदी. टिथर हे असलंच दुसरं डॉलरचं नाणं, त्याच्या कंपनीने परवाना घेतला नाही, तर इथल्या मोठ्या एक्स्चेंजनी, म्हणजे नाण्यांच्या बाजारांनी, २०२५ च्या मार्चपर्यंत त्याची खरेदी-विक्री बंद केली. आपल्या पतपेढीवर यातला एक तरी नियम कोणी बसवला होता का? बारा टक्के व्याजाचा बोर्डच केवढा मोठा होता!

तरी मला झोप नाही. बँक बुडाली तर इथे १,००,००० युरोपर्यंतच्या ठेवीला हमी आहे, या नाण्यांना ती नाही. आणि साखळी बघ : ॲपवाले, कार्ड काढणारे, कार्डाचं जाळं, नाणं काढणारे, त्यांच्या बँका. वायरकार्ड या कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथेच, म्युनिकला लागून असलेल्या आशहाइममध्ये होतं. २०२० च्या जूनमध्ये तिच्या हिशेबातले १९० कोटी युरो मुळात नाहीतच असं निघालं. तिच्या ब्रिटनमधल्या शाखेचं काम तिथल्या नियामकाने थांबवलं, आणि ज्यांनी वायरकार्डचं नावही ऐकलं नव्हतं अशा लोकांची कार्डं काही दिवस बंद पडली. क्रिप्टोची, म्हणजे असल्या डिजिटल नाण्यांची, कार्डंही. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बसली, तिच्यात या यूएसडीसीवाल्यांचे ३३० कोटी डॉलर होते. त्या शनिवारी एक डॉलरचं नाणं ८८ सेंटच्याही खाली गेलं. सोमवारी परत जागेवर आलं, पण त्या शनिवारी भाडं भरायचं असतं तर?

तेही सोड. भाडं युरोत आणि शिल्लक डॉलरमध्ये, हेच मला पटत नाही. २०२५ च्या जानेवारीत युरो साधारण १.०३ डॉलरला होता, जूनअखेर १.१७ च्या वर. दहा हजार नाणी तशीच ठेवली असतील तर हजारभर युरो काही न करता गेले, आणि नाणं आपलं एका डॉलरलाच! हे सांगितलं तर म्हणतो, "पुढच्या वर्षी वर जाईल." अगदी तुझा आवाज. वर्ल्ड कपच्या पैजेचे पन्नास रुपये अजून येणं आहे.

आणि कर. नाणं वर्षभर ठेवून विकलं तर जर्मनीत नफ्यावर कर नाही. वर्षाच्या आत विकलं तर हिशेब द्यायचा, आणि कार्ड टेकवणं म्हणजे विकणंच. वर्षाचा असा नफा १,००० युरोच्या आत असेल तर माफ, नाहीतर पहिल्या युरोपासून कर. म्हणजे प्रेत्झेल घेतला तरी ते नाणं कधी, कुठल्या भावाने आलं होतं ते लिहून ठेवायचं. या जानेवारीपासून क्रिप्टो कंपन्यांनी गिऱ्हाइकांच्या व्यवहारांची माहिती गोळा करायची आहे, ती २०२७ मध्ये कर खात्याकडे जाईल. ओंकारकडे एक्सेल शीट आहे. ऑक्टोबरपर्यंतचं.

ताईलाही म्हणतो, "आई, नाणीच पाठवतो." भारतात २०२२ पासून असल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि विकताना १ टक्का टीडीएस. ताईला एटीएमचा पिन आठवत नाही. तेवढं मात्र मी मोडून काढलं.

आता मुद्दा. त्याची सगळी शिल्लक तिथे आहे, सगळी. निम्मी तरी बँकेत ठेव म्हणून मी आकडे सांगून थकलो, आकडे त्याला माझ्यापेक्षा जास्त येतात. नानांची गोष्ट सांगितली तर ऐकेल असं वाटतं. पण ती अर्धवट सांगितली तर नाना लबाड ठरतात, आणि ते मला चालायचं नाही. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. वरून जे सांगितलं ते ते खरं मानून दारोदार सांगत होते, म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. हा मेल लिहिणारं पोरही तसंच कोणीतरी असेल, पगारावर असलेलं. पूर्ण सांगायची तर मळ्याचा तुकडा कोणाकोणासाठी विकला तेही सांगावं लागेल. तुम्ही ते कधी बाहेर काढलं नाहीत. मलाही आई बोलून गेली म्हणून कळलं.

म्हणून विचारतोय, सांगू का? तू एकट्याने ठरवू नकोस, नानांना विचार. ऐकू कमी येतं म्हणून टाळू नकोस, जवळ बसून विचार. नाही म्हणाले तर विषय संपला, मी काहीतरी दुसरं शोधीन.

तुझं काय? दुकानाचं शटर दुरुस्त झालं का? मनूची दहावी तोंडावर आली असेल, तिला सांग भूमितीला घाबरू नये, तिचा बाप त्यात दोनदा गचकलाय. ऊस गेला का कारखान्याला? वहिनींना नमस्कार, नानांना साष्टांग.

उत्तर महिनाअखेरीच्या आत दे, त्याचं नवं कार्ड यायच्या आधी. फोन केलास तरी चालेल, पण रविवारी दुपारी नको. तेव्हा मी ते एक्सेल भरत बसलेलो असेन, नोव्हेंबरपासूनचं.

तुझा,
सुन्या

ता. क. काळ्या मसाल्यात धणे किती घ्यायचे ते वैशालीने विचारलंय. वाटीने सांग, "अंदाजाने" नको.