पेंटाचा पहिला डोस झाला, पुढचे दोन राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीतली एक लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, ती अजून इथंच आहे. गेल्या आठवड्यात बाळाला घेऊन भेटायला आली. बाळ चार महिन्यांचं, छान बाळसं धरलेलं. सवयीनं मी लसीकरणाचं कार्ड मागितलं. पेंटाव्हॅलंट म्हणजे पेंटा लसीचा एकच डोस, दीड महिन्याचा. पुढचे दोन रकाने कोरे. का गं, म्हटलं, तर म्हणाली, "काकू, त्या रात्री लई ताप आला. मांडी टम्म सुजली. आजी म्हणाली, चांगलं लेकरू आजारी करून आणलं. मग नाही गेले."

मी 33 वर्षं बीड जिल्ह्यात आरोग्य सेविका होते, 2023 साली निवृत्त झाले. हे उत्तर मी शेकडो ओट्यांवर ऐकलं आहे. आणि मला त्या आजीचा कधीच राग आला नाही. तिच्यासमोर लेकरू रात्रभर कण्हत होतं, आणि हे होणार आहे असं तिला कुणी आधी सांगितलेलंच नव्हतं.

पेंटाव्हॅलंट म्हणजे एका टोचणीत पाच रोगांवरची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब. यातला हिब लोकांना माहीत नसतो. तो एक जिवाणू आहे, लहान बाळांना त्याच्यामुळे मेंदूज्वर आणि न्यूमोनिया होतो. सरकारी कार्यक्रमात ही लस 2011 च्या डिसेंबरमध्ये आधी केरळ आणि तमिळनाडूत आली, मग टप्प्याटप्प्यानं सगळीकडे. त्याआधी आम्ही डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) वेगळी आणि काविळीची वेगळी टोचत होतो, आणि हिबची लस ज्याला खासगीत परवडेल त्याच्याच बाळाला मिळायची. आता दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने अशा तीन टोचण्यांत पाचही रोगांचं काम होतं. वेगवेगळ्या दिल्या असत्या तर नऊ टोचण्या झाल्या असत्या. (जन्मल्यावर 24 तासांत द्यायचा कावीळ बीचा डोस मात्र वेगळाच असतो, तो पेंटात धरायचा नाही.)

ताप येतो तो यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे. सरकारी लशीत त्याचे संपूर्ण मृत जिवाणू असतात, त्यांना बघून शरीर जोरात जागं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, टोचल्या जागी सूज आणि किरकिर होते, मग उतरते. माझी मुलगी पुण्यात असते. तिच्या बाळाच्या वेळी खासगी दवाखान्यात "न दुखणारी" लस सुचवली, एका डोसाला काही हजार रुपये. तिनं मला फोन करून विचारलं, आई, सरकारी लस हलकी असते का? मी तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. त्या लशीत डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे निवडक भाग असतात, म्हणून ताप कमी येतो. तिच्यात पोलिओचं इंजेक्शनही मिसळलेलं असतं, म्हणून एक टोचणी वाचते. घेतली तरी चांगलंच. पण तिचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण संपूर्ण जिवाणूच्या लशीपेक्षा लवकर ओसरतं. फुकट मिळते म्हणून पेंटा कमअस्सल ठरत नाही. मुलीनं शेवटी कोणती दिली हे महत्त्वाचं नाही, तिन्ही डोस वेळेवर दिले हे महत्त्वाचं.

नोकरीच्या सुरुवातीला, 1990 च्या आसपास, आम्ही काचेच्या सिरिंजा कुकरसारख्या भांड्यात वाफवून घेत होतो. तेव्हा डांग्या खोकल्याचं बाळ मी पाहिलं आहे. खोकल्याची उबळ आली की ओठ निळे पडायचे, श्वास आत ओढताना आवाज यायचा आणि शेवटी उलटी. आई त्याला उभं धरून फक्त बघत राहायची. आजच्या तरुण आयांनी हे पाहिलेलं नाही, आणि त्यांना तो ताप मोठा वाटतो हे मला समजतं.

ही लस गावापर्यंत नीट पोचावी म्हणून किती जपावं लागतं हेही लोकांना दिसत नाही. पेंटा गोठली की वाया जाते. लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी डीप फ्रीजरमधले आइसपॅक काढून घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवायचे, कानाशी नेऊन हलवायचे, आत पाणी वाजलं की मगच लसीच्या डब्यात भरायचे. पाऊस असो, एसटी नसो, हे चुकवायचं नाही. एवढं करून डोस बाळाच्या डाव्या मांडीत पोचवायचा, आणि पुढचे दोन डोस दोन मिनिटांच्या बोलण्याअभावी बुडायचे, याचं मला आजही वाईट वाटतं.

नियम आहे. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली, पुढे कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. बाळाला अर्धा तास थांबवूनही घ्यायचं असतं. पण अंगणवाडीत चाळीस बाया, सिस्टर एक, रजिस्टर चार, वर मोबाइलवर नोंदी. मी स्वतः कित्येकदा "ताप येईल हं, गोळी देते" एवढंच पुटपुटून पुढच्या बाळाकडे वळले आहे. त्या अर्ध्या तासात आशाताईंनी पाच-सहा आयांना, शक्य तर सासवांनाही, एकत्र बसवून सांगितलं तर बराच फरक पडतो. आमच्या एका अंगणवाडीत आम्ही हे काही महिने केलं होतं. सांगायचं ते असं: सूज आली तर स्वच्छ गार फडकं ठेवा, चोळू नका, हळद-तेल लावू नका. अंगावर पाजत राहा. तापाचं औषध बाळाच्या वजनाप्रमाणे, दाखवलंय तेवढंच द्या. आणि बाळ तीन तासांहून जास्त सलग रडलं, झटका आला किंवा अंग लुळं पडलं तर लगेच आरोग्य केंद्रात आणा, सकाळची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. आमच्याकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात, कार्ड घरच्या पेटीत राहतं. एका बाईला फडाजवळच्या गावी "कार्ड नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागेल" असं सांगून परत पाठवलं होतं. हे चूक आहे. राहिलेला डोस कितीही उशीर झाला तरी पुढूनच धरतात, फक्त दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. वर्षाच्या आत एक तरी पेंटा झाला असेल तर उरलेले वर्षानंतरही पेंटाचेच देता येतात.

आरोग्य विभागाला माझी विनंती एवढीच, की टोळ्या निघायच्या आधीच्या सत्रात प्रत्येक आईच्या किंवा बापाच्या मोबाइलमध्ये कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून द्यावा, आणि मुकादमाकडेही टोळीतल्या लहान बाळांची व त्यांच्या पुढच्या तारखांची यादी असावी. ऑनलाइन नोंद फोन नंबरवर शोधतात, आणि या लोकांचे नंबर वरचेवर बदलतात.

गल्लीतल्या त्या बाळाला परवाच्या सत्रात दुसरा डोस दिला. आजीलाही बरोबर नेलं होतं. ताप आलाच, शंभरच्या थोडा वर. रात्री दहाला आजीचाच फोन आला, "बाई, औषध पाजलंय, आता झोपलंय." तिसरा डोस चार आठवड्यांनी आहे. तारीख तिनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. बीड
(नाव व पत्ता संपादकांकडे)