जोड बघून घे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. पाठीवरची पिशवी, बूट, चादरी, टेबल, पातेली, सुरी, पंखा, दिवे. खाली तू विचारलंयस, ‘आई, प्रत्येकात सगळ्यात टिकाऊ कंपनी कोणती, तेवढं लिहून पाठव.’ कंपन्यांची नावं मी मुद्दामच लिहीत नाही. नाव तेच राहतं, पण मागे मालक बदलतो, कारखाना बदलतो, माल दुसऱ्याकडून करून घ्यायला सुरुवात होते आणि डब्यावरचं अक्षर मात्र तसंच असतं. वस्तू कुठे बघायची हे तुला कळलं, तर नावावाचून तुझं काही अडणार नाही.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. वस्तू ओढायच्या, आपटायच्या, घासायच्या, पुन्हा पुन्हा उघडून मिटायच्या, आणि कधी मोडते ते लिहून ठेवायचं. धातूचे भाग बंद कपाटात ३५ अंश सेल्सिअसला, ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवायचे. गंज कुठून उठतो माहीत आहे? सपाट पृष्ठभागावरून नाही. कापलेल्या कडेवर, स्क्रूच्या भोकाशी, वेल्डिंगच्या रेषेवर. कापडाचं, लाकडाचं, यंत्राचंही तेच. वस्तू मधोमध क्वचितच जाते. जिथे एक भाग दुसऱ्याला जोडलेला असतो, तिथे ती जाते. आणि दुकानात आपण बघतो नेमका मधला भाग: रंग, चकाकी, हाताला लागणारा गुळगुळीतपणा. तू आधी जोड बघ.

पिशवीपासून सुरुवात करते. कापड किती जाड आहे हे सगळे चिमटीत धरून बघतात. तू पट्टा अंगाला जिथे शिवलाय ती जागा बघ. तिथे नुसती एक आडवी शिवण असेल तर सगळं ओझं त्या एका रेषेवर येणार. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल, तर ओढ अनेक टाक्यांत वाटली जाते. मग पिशवी उलटी कर. आत कापडाच्या कडा मोकळ्या, दशा सुटलेल्या दिसल्या तर ठेवून दे. कडांवर पट्टी मारून शिवलं असेल तर करणाऱ्याने आतल्या, न दिसणाऱ्या भागावरही वेळ घातलाय, आणि असा माणूस सहसा बाकीच्या कामातही घाई करत नाही. चेनमध्ये दातांपेक्षा रनर, म्हणजे ओढून सरकवायचा तुकडा, आधी झिजतो. तो ढिला झाला की चेन लागते पण मागून उघडत जाते. म्हणून रनर जड, धातूचा, दोन्ही बाजूंनी सारखा घट्ट चालणारा हवा. चेन भरलेल्या पिशवीवर लावून बघ. रिकाम्या पिशवीची चेन कुणाचीही लागते.

बुटांत जोड म्हणजे वरचा भाग आणि सोल. नुसतं चिकटवलेलं असेल तर चिकटा सुटला की बूट गेला. सोल शिवलेला असेल, त्यातही वरच्या भागाला कातड्याची एक पट्टी शिवून त्या पट्टीला सोल शिवला असेल, तर सोल झिजल्यावर तेवढाच बदलता येतो आणि वरच्या कातड्याला धक्का लागत नाही. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हलके, मऊ पॉलीयुरेथेनचे सोल हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातात. बूट न घालता कपाटात जपून ठेवले तरी काही वर्षांनी सोलचा भुगा होतो. जपून ठेवायचे बूट म्हणून असे घेऊ नकोस. रबराच्या सोलला हा रोग नाही.

कातड्यावर ‘अस्सल लेदर’ लिहिलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नकोस. कातड्याचे तंतू वरच्या थरात सगळ्यात दाट विणलेले असतात. तो थर शाबूत ठेवलेलं कातडं वर्षानुवर्षं टिकतं आणि वापराने छान दिसू लागतं. थर तासून, वर रंगाचा लेप देऊन, नक्षी दाबून केलेलंही अस्सलच म्हणवतं. आणि कातड्याचा चुरा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून लाटलेले तक्ते असतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. कड कापलेली असेल तिथे डोळा लाव. आत तंतू दिसले तर कातडं, कागदासारखे थर दिसले तर सोडून दे.

चादरींवर धाग्यांची संख्या मोठ्या आकड्यात छापतात. तो आकडा वाढवणं सोपं असतं. दोन-तीन बारीक पदर पिळून एक धागा केला आणि प्रत्येक पदर वेगळा मोजला की झालं. टिकाऊपणा येतो कापसाच्या तंतूच्या लांबीतून. लांब तंतूच्या सुताला कमी टोकं बाहेर येतात, म्हणून गोळे कमी धरतात आणि कापड लवकर विरत नाही. चादर उजेडासमोर धर. वीण सारखी दिसली पाहिजे, कुठे दाट कुठे विरळ नको. हाताला फार गुळगुळीत लागली तर एका कोपऱ्यावर बोटांनी जोरात चोळ. खळ असेल तर पांढरी भुकटी झडते, आणि पहिल्या धुण्यात चादरीचा सगळा भारदस्तपणा पाण्याबरोबर जातो. ताणला जाणारा धागा घातलेले कपडे आरामाचे असतात हे मी मान्य करते, पण गरम पाणी, इस्त्री आणि क्लोरीन यांनी तो धागा आधी मरतो. रोजच्या पँटमध्ये तो जितका कमी तितका बरा.

पातेल्यांवर १८/८ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो, आणि ओरखडा उठला तरी तो पुन्हा आपोआप धरतो. गंज न धरण्याचं कारण हे. लोक चुंबक घेऊन दुकानात जातात: चिकटला नाही म्हणजे स्टील चांगलं. एवढ्यावर विसंबू नकोस. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि इंडक्शनवर चालावं म्हणून मुद्दाम चुंबक धरणारा तळ लावलेलं पातेलं उत्तम असू शकतं. त्यापेक्षा तळाची जाडी बघ आणि मूठ कशी बसवलीय ते बघ. मुठीवर जोर देऊन पातेलं वाकवायचा प्रयत्न कर. रिव्हेटने, म्हणजे आरपार घालून ठोकलेल्या खिळ्याने, बसवलेली मूठ दाद देत नाही. नुसते वेल्डिंगचे दोन ठिपके असतील तर कधीतरी भरलेलं, गरम पातेलं हातात असताना मूठ सुटायची, आणि मला भीती त्या दिवसाची आहे. म्हणून इथे काटकसर करू नकोस.

नॉनस्टिक भांडं मात्र आयुष्यभराचं म्हणून घेऊच नकोस. तो लेप झिजण्यासाठीच आहे, आणि साधारण २६० अंशांच्या वर तो बिघडू लागतो. लागलंच तर साधं घे.

सुरीचं पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं. फार कठीण पोलादाच्या मागे लागू नकोस. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या पुढचं पातं धार चांगली धरतं, पण हाडावर किंवा काचेच्या फळीवर त्याचे कपचे उडतात. तुझ्यासारख्या नव्या हाताला ५४ ते ५८ मधलं बरं. धार लवकर जाते, पण लगेच लावताही येते.

टेबलाबद्दल थोडक्यात. भुसा दाबून केलेल्या बोर्डात स्क्रू एकदाच नीट धरतो. घर बदलताना उघडून पुन्हा बसवलास की भोक भुसभुशीत होतं, आणि कड ओली झाली की बोर्ड फुगतो तो फुगतोच. तुझी जागा भाड्याची आहे, म्हणजे टेबल निदान दोनदा तरी उघडणार. घन लाकूड किंवा चांगलं प्लायवूड घे, आणि जोडाला लाकडात स्क्रू जाण्याऐवजी धातूच्या आट्यात बोल्ट जात असेल तर उत्तम.

आता विजेच्या वस्तू. इथे जोड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणसं सगळ्यात जास्त इथे फसतात.

तुला एक खरी घडलेली गोष्ट सांगते. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन करार केला. फीबस या नावाने तो ओळखला जातो. बल्बचं आयुष्य १००० तासांच्या आसपास आणायचं ठरलं, आणि ज्याचा बल्ब जास्त चालेल त्याला दंड. न्यायाने बोलायचं तर हेही सांगायला हवं की जास्त टिकणारी तार कमी तापते आणि तेवढ्याच विजेत कमी प्रकाश देते, त्यामुळे १००० तासांत तांत्रिक तथ्य काहीच नव्हतं असं नाही. पण जास्त चांगलं टिकवणाऱ्याला दंड करायचा, हे तंत्रज्ञान नव्हे. आयुष्य किती द्यायचं हे आराखड्यातच ठरतं, हे मी नोकरीत रोज पाहिलं. म्हणून ‘नशिबाने किती टिकेल ते बघू’ हे वाक्य मला मानवत नाही.

आजच्या एलईडी दिव्यात प्रकाश देणारा भाग सहसा जात नाही, त्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट जातं. त्यातल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा, शत्रू उष्णता. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. तेव्हा दिवा पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात बसवू नकोस, हवा खेळू दे. पंख्याचा दांडा साध्या धातूच्या नळीत, म्हणजे बुशमध्ये, फिरतो की छोट्या गोळ्यांच्या बॉल बेअरिंगवर, ते विचार. बुशचा पंखा नवा असताना अगदी शांत चालतो, पण त्यातलं तेल सुकलं की कुरकुरायला लागतो. वस्तूत बॅटरी असेल तर ती चिकटवून टाकलीय की स्क्रू काढून बदलता येते, हा पहिला प्रश्न. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. ती बदलता येत नसेल तर अख्ख्या वस्तूचं आयुष्य तेवढंच.

फ्रान्समध्ये २०२१ साली स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण दाखवणं बंधनकारक झालं. माहितीपत्रक मिळतं का, उघडता येतं का, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, हे धरून ते गुण काढले जात. असा आकडा समोर नसेल तिथे हेच प्रश्न तोंडाने विचार. विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याला विचार. त्याच्या टेबलावर कोणत्या वस्तू येतात आणि कोणत्या उघडायला त्याला आवडतात, हे तो आनंदाने सांगतो. ज्याचे भाग त्याच्या खोक्यात पडलेले असतात, ते यंत्र घ्यावं.

महाग म्हणजे टिकाऊ असं मात्र मनात धरू नकोस. पैसे बऱ्याचदा दिसण्याचे, जाहिरातीचे, जास्तीच्या बटनांचे जातात, आणि जास्तीचं प्रत्येक बटन म्हणजे मोडायला आणखी एक जागा. रोज हातात येणाऱ्या, अंग टेकणाऱ्या वस्तूंवर खर्च कर. वर्षातून एकदा लागणारी वस्तू मागून आण, भाड्याने आण. ते कमीपणाचं नाही.

घेतल्यानंतरचं थोडं. बूट रोज तेच घालू नकोस, कातड्यातला घाम सुकायला एक दिवस जातो. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून जास्त टिकतात. स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी मिठाचे खडे पडून राहू देऊ नकोस. मिठातल्या क्लोराइडमुळे तो संरक्षक थर तुटून स्टीलला बारीक खड्डे पडतात. पिशवीचा टाका उसवला की त्याच आठवड्यात शिवून घे. माझी मोठी सुई आणि मेण लावलेला दोरा पार्सलमध्ये घातलाय.

सगळं एकदम घेऊ नकोस. आधी बूट आणि पातेली घे, टेबल पुढच्या महिन्यात बघू, तोवर जमिनीवर बसून लिही. पिशवी पसंत केलीस की घेण्याआधी तिचे फोटो पाठव, पण समोरून नको. आतून पाठव, आणि पट्ट्याची शिवण जवळून.

तुझी,
आई