हवेतला नत्र आणि गोणीतला नत्र

महोदय,

हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायू असतो. आपण तो प्रत्येक श्वासाबरोबर आत घेतो आणि जवळपास जसाच्या तसा बाहेर सोडतो, कारण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध आपल्या शरीराला तोडता येत नाही. पिकांचीही तीच गत, म्हणून तर खरिपात युरियासाठी रांगा लागतात. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असतो, पण तो सगळा पिकाला लागू पडत नाही: काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन पाझरत विहिरीत उतरतो, आणि थोड्याचा नायट्रस ऑक्साइड बनतो, जो वातावरण तापवण्यात वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट भारी आहे.

हरभऱ्याचे रोप मात्र मुळासकट अलगद उपटून पाहावे. मुळावरची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधत असल्याची ती खूण. युरिया जास्त पडला की या गाठी कमी धरतात, तरी आमच्याकडे हरभऱ्यालाही मूठ-मूठ युरिया फेकला जातो (मीही फेकला आहे). कृषी विभागाने पेरणीआधी गावोगाव जिवाणू संवर्धकाच्या बीजप्रक्रियेची (म्हणजे हे जिवाणू बियाण्याला चोळण्याची) प्रात्यक्षिके घ्यावीत, ही विनंती.

– एक शेतकरी, जि. लातूर