कोपरे विरघळू देत

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

चित्राचा फोटो मिळाला. नेदरलँड्समधल्या हार्लेमला जाऊन सतराव्या शतकातल्या फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराने रंगवलेल्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्त बाया पाहिल्यास आणि खोलीवर येऊन एकीची प्रत करायला घेतलीस, हे फार आवडलं. प्रमाणं चोख आहेत. पण बाई पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी दिसते, हे तुझं म्हणणंही खरं आहे.

तोंड बघ. ओठांची दोन्ही टोकं तू बारीक कुंचल्याने गडद रेघ ओढून बंद करून टाकलीस. भाव नेमका तिथेच असतो, ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत, आणि तिथल्या कडा विरघळलेल्या हव्यात. रंग ओला आहे तोवर कोरड्या कुंचल्याने तो कोपरा गालाच्या सावलीत ओढून घे. अर्धवट सुकल्यावर हात घातलास तर नुसता चिखल होईल.

आणि चेहऱ्याची नक्कल करू नकोस, क्रमाची कर. कुठला फटकारा खाली, कुठला वर? उजेड आधी ठेवला की सावली? हाल्सची रेखाटनं सापडलेली नाहीत. तो बहुधा थेट कॅनव्हासवरच भिडत असे. म्हणून पेन्सिलीने सगळं आखून मग रंग भरलेस की त्याची रीत हातातून निसटतेच. बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा, पातळ हात दे, डोळे किलकिले करून उजेड-अंधाराचे मोठे तुकडे मांड, जाड रंग नंतर. पहिल्या थरात जवसाचं तेल ओतू नकोस.

काळ्याचं सांगायचं राहिलं. हाल्सकडे काळ्याच्या सत्तावीस छटा आहेत, असं व्हॅन गॉगने 1885 साली भावाला लिहिलं होतं. तुझ्याकडे एकच आहे, नळीतला! अंबर आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून कुठे ऊबदार, कुठे निळसर काळा करून बघ. फोनच्या पडद्यावर हे फरक कळत नाहीत, तेव्हा पुन्हा एकदा चित्रासमोर उभी राहा आणि वहीत टिपून घे.

प्रती करणं म्हणजे चोरी, असं वर्गात कोणी म्हणालं म्हणून तू खट्टू झालीस. सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने 1879 मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केझ या जुन्या स्पॅनिश चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती केल्या आणि पुढच्याच वर्षी हार्लेमला येऊन याच बायांची. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आपल्याकडेही जे.जे.चे विद्यार्थी 1872 पासून ग्रिफिथ्ससाहेबांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्यांतलेच पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले. असल्या टोमण्यांना उत्तरं देत बसू नकोस.

यानंतर पूर्ण डोकं घेऊ नकोस, एक हात घे. ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्या हाल्सने 1664 मध्ये ते हात किती थोडक्यात उरकलेत! जवळून नुसते रंगाचे पट्टे, चार पावलं मागे आलं की बोटं.

दिवाळीला येशील तेव्हा आजोबांना समोर बसवू. ते स्वस्थ बसणार नाहीत, मधेच चहा मागतील, डुलकी काढतील. तुला तसंच माणूस हवंय.

तुझी,
आई

ता. क. वार्निशची घाई करू नकोस. जाड रंगाला सहा महिने तरी जाऊ देत.